म्युनिकची सावली, मालाडची हवेली

मुसळधार पावसाची रात्र. एक डॉक्टर एकटाच गाडी चालवतो आहे. दिव्यांच्या झोतात पांढऱ्या साडीतली एक बाई अचानक उभी दिसते आणि तो तिला गाडीत घेतो. थोड्याच वेळात काचेवरचा वायपर बंद पडतो. पुढचं काही दिसत नाही, असं डॉक्टर म्हणतो. शेजारी बसलेली ती बाई शांतपणे सांगते की तिला दिसतंय. मग ती वाट सांगत राहते, तो गाडी वळवत राहतो आणि गाडी थांबते ती थेट कब्रस्तानाच्या फाटकाशी. राज खोसला यांच्या १९६४ सालच्या ‘वह कौन थी?’ची ही सुरुवात आहे. साधना यात किंचाळत नाही की डोळे वटारत नाही. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो एका बंद पडलेल्या वायपरमुळे. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही असा हा गाडीचा सुटा भाग, पण त्याच्यामुळे या बाईची नजर माणसाची नाही हा संशय पक्का होतो.

त्या प्रसंगातला पाऊसही तितकाच विचारपूर्वक पाडलेला आहे. समोरून प्रकाश टाकला तर पाऊस कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नाही. तो दिसायला दिवा थेंबांच्या मागे, कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला ठेवावा लागतो. मग प्रत्येक धार चमकते आणि त्या चमकत्या पडद्याआड उभी असलेली पांढरी आकृती कडेने उजळते, चेहरा मात्र अर्धा काळोखात राहतो. छायालेखक के. एच. कापडिया यांना या चित्रपटासाठी कृष्णधवल छायाचित्रणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

रहस्यपटाबद्दल बोलताना सगळे खुनी कोण यावर बोलतात. लेखकाचं कौतुक होतं, दिग्दर्शकाचं होतं. पण शेवट माहीत असूनही लोक हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात, तेव्हा त्यांना खुर्चीच्या कडेला आणून बसवणारी गोष्ट कथानकाच्या बाहेरची असते. ती छायालेखकाच्या दिव्यात असते, कलादिग्दर्शकाने मांडलेल्या खोलीत असते, आणि सेटवर ज्याला सरसकट ‘प्रॉपर्टी’ म्हणतात त्या घड्याळात, तसबिरीत, टेलिफोनमध्ये असते. हिंदी-मराठी रहस्यपटाचा खरा इतिहास या कारागिरांच्या हातांतून गेलेला आहे. त्याचा माग काढत मागे गेलं की १९२५ हे साल लागतं.

त्या वर्षी म्युनिकच्या एमेल्का या चित्रसंस्थेसाठी पंचविशीतला एक इंग्रज तरुण आपला पहिला पूर्ण चित्रपट दिग्दर्शित करत होता. त्याचं नाव आल्फ्रेड हिचकॉक आणि चित्रपट ‘द प्लेझर गार्डन’. त्याच वर्षी त्याच एमेल्काची एक तुकडी हिमांशू राय यांच्याबरोबर हिंदुस्थानात आली. गौतम बुद्धाच्या जीवनावरचा ‘प्रेम संन्यास’ चित्रित करायला आलेल्या या तुकडीत दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन होते आणि जोसेफ विर्शिंग नावाचा बावीस वर्षांचा छायालेखक होता. जर्मन चित्रपटसृष्टी तेव्हा सावलीच्या प्रयोगांनी भारलेली होती. तिरके जिने, भिंतीवर माणसाच्या दुप्पट उंच चढणाऱ्या सावल्या, अर्धाच उजळलेला चेहरा, हे सारं तिथल्या स्टुडिओंत रोज घडत होतं. तिथे घडलेल्या या दोन तरुणांपैकी एक पुढे लंडनमार्गे हॉलिवूडला गेला आणि दुसरा मालाडला.

आणि १९२५ मध्येच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ पडद्यावर आला. तो रहस्यपट नव्हता, सावकाराने नागवलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी होती. पण काळोखात जेमतेम दिसणारी एक भकास झोपडी आणि तिथे भुंकणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य पाहिलेल्यांच्या कायम स्मरणात राहिलं. मूकपटाच्या काळात कुत्र्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो प्रेक्षकाने त्या अपुऱ्या प्रकाशात स्वतःच्या मनाने ऐकला.

बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे त्यांच्या हातचे होते. रंगभूमीच्या पडद्यावर खोली, उजेड आणि सांज उभी करायची तर सावली कुठे पडते हे चित्रकाराला आधी कळावं लागतं. तीच समज घेऊन ते सिनेमात आले. ‘सिंहगड’मध्ये १९२३ साली रात्रीच्या दृश्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचे प्रयोग केले. त्यांच्या हाताखाली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर तयार झाले, आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन याच मंडळींनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. म्हणजे म्युनिकची विद्या येऊन पोचायच्या आधी महाराष्ट्रात तिची जमीन तयार होती.

दोन्ही धारा एकत्र आल्या त्या ‘अमृतमंथन’मध्ये. ‘सैरंध्री’ या रंगीत चित्रपटाच्या प्रतींसाठी शांताराम १९३३ मध्ये जर्मनीला गेले आणि तिथलं काम डोळ्यांत साठवून परतले. प्रभात तोवर कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट म्हणून १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ हिंदी आणि मराठीत निघाला. ना. ह. आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीवर बेतलेली ही कथा. राजा यज्ञातले बळी बंद करतो आणि चिडलेला राजगुरू त्याच्या खुनाचा कट रचतो. हा कट शिजतो तो मशालींच्या उजेडात, देवीच्या मंदिरात. केशवराव धायबरांनी टेलिफोटो लेन्स लावून राजगुरूचा एक डोळा सबंध पडद्याएवढा करून दाखवला. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहनचा होता. आजच्या प्रेक्षकाला क्लोजअपचं अप्रूप नाही, पण १९३४ च्या प्रेक्षकासमोर नुसता एक डोळा, तोही अंधारातून वर येणारा, हा धक्काच होता. पुढे घडणाऱ्या खुनाची खबर तो डोळाच आधी देतो.

तिकडे मालाडला १९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभारली आणि म्युनिकची मंडळी पुन्हा बोलावून घेतली. दिग्दर्शनाला ऑस्टेन, कॅमेऱ्यावर विर्शिंग, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेती आणि प्रयोगशाळेत विल्हेल्म झोले. या कंपनीचा १९३५ मधला पहिलाच चित्रपट ‘जवानी की हवा’ ही खुनाची रहस्यकथा होती, आणि ती बरीचशी धावत्या आगगाडीत घडते. डब्यासारखी बंदिस्त जागा कॅमेऱ्याला अवघड असते. भिंती जवळ, दिवे लपवायला आडोसा नाही, आणि खिडकीतून बाहेरचा उजेड सतत सरकत जायला हवा. मुंबईच्या रहस्यपटाने आपला पहिला धडा गिरवला तो असा, सगळ्यात अवघड खोलीत.

या स्टुडिओची खरी कमाई तिथल्या शिकाऊ मुलांत होती. जर्मन माणसांच्या हाताखाली इथले तरुण सहायक म्हणून काम करत. युद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये जर्मन नागरिक म्हणून ऑस्टेन आणि विर्शिंग यांना इंग्रज सरकारने ताब्यात घेतलं. स्टुडिओ मात्र थांबला नाही. १९४३ च्या ‘किस्मत’चा कॅमेरा आर. डी. परींजा यांनी सांभाळला. नायकच चोर असलेला हा चित्रपट कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला. नजरकैदेत वर्षं काढून विर्शिंग युद्धानंतर मालाडला परतले, आणि त्यांच्या हातून १९४९ मध्ये ‘महल’ घडला.

‘महल’ हा कमाल अमरोही यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. नदीकाठची पडीक हवेली, तिचा नवा मालक, आणि भिंतीवर एक तसबीर जिच्यातला मृत माणूस हुबेहूब या नव्या मालकासारखा दिसतो. अशोककुमार त्या तसबिरीकडे पाहतो तिथेच हिंदी सिनेमातल्या एका मोठ्या परंपरेची सुरुवात होते. यात भूत कुठेही दाखवलेलं नाही. दिसतात त्या वस्तू. घड्याळाचे टोले पडतात, झुंबर हलतं, बागेतल्या झोपाळ्यावर कुणीतरी झुलताना दिसतं आणि जवळ जावं तर तिथे कुणी नसतं. हलणारी वस्तू ही निर्जीव आणि सजीव यांच्या सीमेवर असते. वाऱ्याने हलली की कुणी हलवली, हा प्रश्न एकदा मनात आला की तो माणूस ती खोली सोडू शकत नाही. प्रेक्षकही सोडत नाही.

विर्शिंगच्या प्रकाशाची खुबी अशी की त्यांनी हवेलीचा बराचसा भाग उजळायचंच टाळलं. साधारण पद्धतीत एक मुख्य दिवा, त्याच्या सावल्या सौम्य करणारा दुसरा, आणि माणसाला भिंतीपासून वेगळं काढणारा पाठीमागचा तिसरा असतो. दुसरा दिवा काढून घेतला की चेहऱ्याची एक बाजू काळोखात जाते. सौंदर्याच्या दृष्टीने हे जोखमीचं काम होतं, कारण मधुबालेसारखी नटी समोर असताना निर्मात्याला तिचा पूर्ण चेहरा हवा असणार. ‘महल’मध्ये तो बराच वेळ पूर्ण मिळत नाही. ती जाळीआड दिसते, धुक्यातून दिसते, होडीत लांबवर दिसते. प्रेक्षक अशोककुमारइतकाच कासावीस होतो.

आवाजाचंही तसंच. या चित्रपटातलं लताबाईंचं ते गाजलेलं गाणं ध्वनिमुद्रित करताना त्यांना मायक्रोफोनपासून दूर उभं केलं होतं आणि गात गात हळूहळू जवळ यायला सांगितलं होतं. खेमचंद प्रकाश यांच्या संगीताला त्यामुळे अंतर मिळालं. दूरच्या काळोखातून कुणीतरी येतंय, हे दिव्याने जे दाखवलं तेच आवाजाने ऐकवलं. पुढे ‘मधुमती’, ‘बीस साल बाद’, ‘वह कौन थी?’ आणि ‘मेरा साया’ या सगळ्यांत रात्री ऐकू येणारं गाणं आलं आणि ते गाण्यासाठी बहुतेक वेळा लताबाईच आल्या.

हातात मेणबत्ती घेऊन जिना चढणारं पात्र या काळातल्या जवळजवळ प्रत्येक हवेलीपटात आहे. पडद्यावर अगदी सोपं दिसणारं हे दृश्य सेटवर मोठी कसरत मागतं. त्या काळच्या फिल्मला भरपूर प्रकाश लागे, त्यामुळे खरी मेणबत्ती म्हणजे पडद्यावर नुसता एक पांढरा ठिपका. तिच्या उजेडात चेहरा दिसणं शक्य नव्हतं. मग सेटच्या वर बांधलेल्या फळ्यांवर, ज्यांना मुंबईच्या स्टुडिओत तराफा म्हणतात, एक लाइटमन दिवा घेऊन बसे. खाली नट जसा पुढे सरके तसा वर त्याच्या हातातला दिवा वळे. दुसरा दिवा भिंतीवर सावली टाके. ती नटाच्या चालीबरोबर वाढली पाहिजे, पण मेणबत्तीची स्वतःची सावली भिंतीवर पडता कामा नये. पडली की लबाडी उघडी, कारण ज्योतीची सावली पडते म्हणजे तिच्याहून मोठा उजेड दुसरीकडून येतो आहे. म्हणून काळ्या कापडाचे कटर लावून प्रकाश बोटभर इकडे, बोटभर तिकडे कापत बसायचं. त्या पाच-सात पायऱ्यांसाठी छायालेखक, लाइटमन आणि नट यांची चाल जुळून येईपर्यंत तालमी होत. या लाइटमन मंडळींची नावं श्रेयनामावलीत येत नसत.

मालाडची विद्या पुढे गेली ती तिथल्या माणसांबरोबर. ‘महल’चं संकलन बिमल रॉय यांचं होतं. त्यांनीच १९५८ मध्ये ‘मधुमती’ केला, ऋत्विक घटक यांच्या कथेवर. वादळी रात्र, रस्ता बंद, आडवाटेची हवेली आणि तिथली तसबीर, ही सामग्री ‘महल’शी नातं सांगते. पण बिमलदांनी चित्राचा उपयोग एक पाऊल पुढे नेला. शेवटी नायक जमीनदाराचं चित्र काढायच्या निमित्ताने त्याला समोर बसवतो आणि गुन्ह्याची कबुली वदवून घ्यायचा सापळा रचतो. आधी भीती दाखवणारी तसबीर इथे न्यायाचं साधन होते. छायालेखक दिलीप गुप्तांनी तो प्रसंग वारा आणि विझत्या उजेडाच्या आधाराने टिपला आहे.

दुसरी वाट हवेलीतून शहरात आली. गुरुदत्तचा पहिला चित्रपट ‘बाजी’ १९५१ चा. जुगाराचा अड्डा, सिगारेटचा धूर, टोपीच्या कडेखाली लपलेले डोळे. कॅमेरा व्ही. रात्रा यांचा, आणि त्यांचे सहायक होते म्हैसूरहून आलेले व्ही. के. मूर्ती. मूर्तींनी बंगळुरूच्या तंत्रनिकेतनात छायालेखनाचं शिक्षण घेतलं होतं आणि फली मिस्त्रींच्या हाताखालीही काम केलं होतं. सेटवर त्यांनी एक अवघड शॉट सुचवला आणि स्वतःच घेऊन दाखवला. गुरुदत्तने तिथल्या तिथे माणूस ओळखला. १९५२ च्या ‘जाल’पासून ही जोडी जमली ती ‘कागज के फूल’ आणि त्याच्याही पुढे.

गुरुदत्तने निर्मिलेला आणि राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेला ‘सी.आय.डी.’ १९५६ मध्ये आला. त्यातला मूर्तींचा प्रकाश शहरी भीतीचा आहे. इथे घुबड नाही की वादळ नाही. वर्तमानपत्राचा संपादक, त्याच्या टेबलावरचा काळा टेलिफोन आणि तारेच्या पलीकडचा धमकी देणारा आवाज. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईत घरी फोन असणं ही श्रीमंतीची खूण होती. कथेतला मातब्बर गुन्हेगार ओळखायला ती वस्तू पुरेशी होती. फोनवर बोलणाऱ्याचा चेहरा सावलीत ठेवला की त्याचा हात, त्याची अंगठी, त्याचा आवाज यांवरून प्रेक्षक अंदाज बांधू लागतो. शेवटी खलनायकाच्या बंगल्यात वहिदा रेहमानचं गाणं सुरू असतं आणि त्या आडोशाने नायकाला गुप्त वाटेने निसटायचं असतं. गाण्याला एवढं नेमकं काम फार थोड्या चित्रपटांत मिळालं असेल.

या चित्रपटाचे कलादिग्दर्शक बिरेन नाग होते. त्यांचं नाव इथे थांबून घेण्यासारखं आहे. गुरुदत्त आणि देव आनंदच्या नवकेतनसाठी खोल्या, जिने, भिंती उभारणारा हा माणूस पुढे स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्याने दोनच रहस्यपट केले. १९६२ चा ‘बीस साल बाद’ त्या वर्षीच्या सर्वांत यशस्वी चित्रपटांपैकी एक ठरला. कॉनन डॉयलच्या बास्करव्हिल कथेची ती भारतीय छाया, बंगालीतल्या ‘जिघांसा’मार्गे आलेली. दलदल, धुकं आणि हवेली. दोन वर्षांनी ‘कोहरा’ आला, ‘रिबेका’च्या कथेवरून. नवी नवरी वहिदा रेहमान घरात येते आणि पहिल्या बायकोची खोली तशीच्या तशी जपलेली आढळते. ती बाई मेलेली आहे, पण तिच्या वस्तू घरभर हुकूमत गाजवतात. त्या वस्तूंची राखण करणारी दाई ललिता पवारांनी केली. एका डोळ्याने किंचित अधू झालेल्या या थोर अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर बाजूने प्रकाश टाकला की संवादाची गरज उरत नसे. कलादिग्दर्शकाने दिग्दर्शन केल्यावर काय होतं ते ‘कोहरा’त दिसतं. पात्रं खोलीत राहत नाहीत, खोलीच पात्रांना धरून ठेवते.

दोन्ही चित्रपटांचे निर्माते हेमंतकुमार होते. एका संगीतकाराने आपला पैसा कलादिग्दर्शकाच्या हाती द्यावा, यावरून त्या काळात या कामाची किती कदर होती हे समजतं.

बी. आर. चोप्रांनी १९६० मध्ये ‘कानून’ करताना उलटा डाव खेळला. एकही गाणं नाही. हवेली नाही, भूत नाही, आहे ते न्यायालय. सावकाराच्या खुनाच्या जागी सापडलेला गरीब चोर नाना पळशीकरांनी उभा केला आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. गाणी नसल्यामुळे प्रेक्षकाला सुटका मिळत नाही. ताण साचत जातो.

मराठीत या साऱ्याचा सर्वांत समंजस उपयोग राजा परांजप्यांनी ‘पाठलाग’मध्ये केला. १९६४ चा हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून आला. वकिलाची बायको वारते, आणि काही काळाने पोलिसांनी पकडलेली एक स्त्री हुबेहूब तिच्यासारखी निघते. ती शपथेवर सांगते की मीच ती. अभिनेत्री भावना आणि काशिनाथ घाणेकर यांच्यात उभा राहणारा हा पेच कोर्टाच्या भर उजेडात घडतो. इथे सावली भिंतीवर पडत नाही, नवऱ्याच्या आठवणीवर पडते. घरातल्या ज्या गोष्टी फक्त नवरा-बायकोलाच ठाऊक असतात त्या ती एकेक करून सांगते आणि ओळखीची प्रत्येक वस्तू पुरावा होऊन बसते. राज खोसलांना हे कथानक इतकं भावलं की दोन वर्षांनी त्यांनी त्यावरून साधनाला घेऊन ‘मेरा साया’ केला. मुंबईची विद्या मराठीत आली आणि मराठी कथा घेऊन पुन्हा हिंदीत गेली.

‘मेरा साया’ रंगीत होता. साठीच्या मध्यावर रंग आला आणि सावलीच्या कारागिरांची पंचाईत झाली. त्या वेळच्या रंगीत फिल्मला कृष्णधवलपेक्षा जास्त प्रकाश लागे, आणि प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे रंग पाहायला दिलेले असत. काळोखात लपवायचं काय आणि किती, हे गणित बदललं. मग ताणाचा भार वस्तूंवर आणि जागेवर जास्त आला. राजा नवाथे यांच्या १९६५ च्या ‘गुमनाम’मध्ये विमानातून उतरलेले प्रवासी एका निर्जन जागी अडकतात आणि एकेक करून मरू लागतात. विजय आनंदने १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये सगळी भिस्त पायाच्या बोटांवर ठेवली. नायकाला सगळे दुसराच कुणी समजतात, आणि त्या दुसऱ्याच्या पायाला सहा बोटं आहेत असं कळतं. भर मेजवानीत देव आनंदला बूट आणि मोजा काढावा लागतो. झगमगत्या प्रकाशात, शेकडो वस्तूंनी भरलेल्या दिवाणखान्यात सगळ्यांचे डोळे एका मोज्यावर खिळतात. काळोख न वापरता श्वास रोखून धरायला लावायची ही दुसरी रीत.

यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ १९६९ मध्ये जवळपास एका महिन्यात चित्रित झाला. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून केलेला, गाण्यांशिवायचा. एक घर, एक पावसाळी रात्र, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार राजेश खन्ना आणि घरात एकटी असलेली नंदा. मास्टर विनायकांच्या या मुलीला तोवर प्रेक्षक सोज्वळ बहीण म्हणून ओळखत. तिच्या घरातल्या प्रत्येक दाराबद्दल शंका यावी, ही कल्पनाच धक्कादायक होती. या चित्रपटाला ध्वनीसाठी मिळालेलं फिल्मफेअर योग्यच होतं, कारण पावसाचा आणि शांततेचा आवाज इथे दिव्याइतकाच बोलतो.

मराठीत वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ १९७६ मध्ये आला आणि कोकणी वळणाच्या दंतकथेला हवेलीपटाचं रूप मिळालं. सुधीर मोघ्यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांतून गूढ चांदणं घराघरांत पोचलं. आजही गावाकडच्या रात्रीबद्दल बोलताना मराठी माणसाला त्यातली गाणी आठवतात, हे त्या चित्रपटाचं यश.

यानंतरची शिकवणी पुण्यात झाली, आणि ती नेमकी ‘अमृतमंथन’च्या जागी. प्रभातच्या स्टुडिओत १९६० पासून चित्रपट संस्था सुरू झाली आणि धायबर-फत्तेलालांच्या फ्लोअरवर नवे विद्यार्थी दिवे लावू लागले. तिथे शिकलेले विधू विनोद चोप्रा आणि छायालेखक बिनोद प्रधान यांनी १९८५ मध्ये ‘खामोश’ केला. पहलगाममध्ये चाललेल्या चित्रीकरणाच्या युनिटमध्येच खून होतो, म्हणजे दिवे, दोऱ्या आणि खोटे पुरावे हाच ज्यांचा धंदा त्यांच्यातच खुनी शोधायचा. याच जोडीचा ‘परिंदा’ १९८९ चा. नाना पाटेकरांचा अण्णा आगीला घाबरतो आणि साधी ज्योतही पडद्यावर धोक्याची होते. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये पंकज कुमार यांनी पावसाळी आभाळाचा करडा प्रकाश आणि हातातल्या कंदिलाचा पिवळा उजेड एवढ्यावर अख्खा वाडा उभा केला. आता कॅमेरे इतके संवेदनशील आहेत की खरी ज्योत खरंच चेहरा उजळते. तराफ्यावर दिवा फिरवणाऱ्या लाइटमनची ती कसरत आता लागत नाही.

या कारागिरांना मान उशिरा मिळाला. दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला आणि पहिला मान बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींना मिळाला. केवळ छायालेखनासाठी तो पहिल्यांदा दिला गेला तो २००८ सालासाठी. तो व्ही. के. मूर्तींना मिळाला. विर्शिंग १९६७ मध्ये मुंबईतच वारले. ते चित्रित करत असलेला कमाल अमरोहींचा ‘पाकीजा’ तेव्हा अर्धवट होता आणि तो १९७२ मध्ये पडद्यावर आला. विर्शिंग यांनी मालाडच्या स्टुडिओत काढलेली छायाचित्रं २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात मांडली गेली. नट-नट्यांच्या आजूबाजूला उभे असलेले दिवे, रिफ्लेक्टर आणि अनाम मदतनीस त्यांत दिसतात.

या कामाची परीक्षा शेवटी चांगल्या प्रतीवरच होते. सावलीचं काम झिजलेल्या प्रतीत सगळ्यात आधी मरतं. काळा रंग राखाडी होतो, राखाडी पांढरा होतो, आणि छायालेखकाने कापून ठेवलेला प्रकाश चिखलासारखा पसरतो. दूरदर्शनवर किंवा फोनवर ‘महल’ पाहणाऱ्याला तो संथ वाटतो, याचं एक मोठं कारण हे आहे. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे जुने चित्रपट जळाले. त्यांत प्रभातचाही ठेवा होता. ते नुकसान कधीच भरून येणार नाही. पण जे उरलंय त्याचं काय करता येतं हे सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. देव आनंदच्या जन्मशताब्दीनिमित्त फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘सी.आय.डी.’ आणि ‘ज्वेल थीफ’सह चार चित्रपट देशभरच्या चित्रपटगृहांत लावले, आणि वहिदाला पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर पाहणारी तरुण मुलं मूर्तींच्या काळोखासमोर बसली. ‘पाठलाग’, ‘कोहरा’, ‘कानून’ आणि ‘हा खेळ सावल्यांचा’ यांच्याही अशाच स्वच्छ प्रती मोठ्या पडद्यावर यायला हव्यात, आणि त्यांच्या सुरुवातीला छायालेखक आणि कलादिग्दर्शकाची नावं मोठ्या अक्षरांत यायला हवीत. ‘पाठलाग’साठी पुण्या-मुंबईच्या एखाद्या मराठी चित्रपट मंडळाने आधी पुढाकार घ्यावा. साठीतल्या मराठी छायालेखनाचा असा नमुना मूळ आकारात पाहायला मिळाला, तर आज कॅमेरा हाती घेणाऱ्या मराठी मुलांना त्यातून थेट शिकता येईल.